दुधाळ गुरांचा रोगप्रतिकार आणि जनुकशास्त्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोपालक, रेतन करणारे तंत्रज्ञ आणि पशुवैद्यकाचे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एकाचे उत्तर दुसऱ्यात आले असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कधीच आजारी न पडणारी गाय तयार करता येते का?

नाही. प्रतिकार हा रोगागणिक वेगळा असतो. अंगावर गोचीड टिकू न देणारी गाय कासदाहाने सहज आजारी पडू शकते, आणि कास कायम निरोगी असलेली गाय विल्यावर दुग्धज्वराने बसू शकते. प्रत्येक रोगाविरुद्ध शरीर वेगळी यंत्रणा वापरते आणि त्या यंत्रणेमागची जनुकेही बरीचशी वेगळी असतात. संशोधनाचे उद्दिष्ट याहून साधे आहे आणि म्हणूनच गाठण्याजोगे आहे: दर पिढीत आजारी पडणाऱ्या जनावरांचे प्रमाण थोडे खाली यावे, आणि ते पुन्हा वर जाऊ नये.

२. आजार तर गोठ्यातल्या घाणीने, चुकीच्या दूध काढण्याने होतात. त्यात आईबापाचा संबंध कुठे येतो?

गोठ्याचा वाटा मोठा आहे, हे खरेच. जनावराजनावरांत दिसणाऱ्या फरकापैकी किती भाग वारशातून येतो ते आनुवंशिकता दराने मोजतात. उपचार करावा लागलेल्या कासदाहासाठी हा दर साधारण २ ते ५ टक्के निघतो. दुधातल्या पेशींच्या संख्येसाठी, म्हणजे सोमॅटिक सेल काउंटसाठी, तो १० ते १५ टक्क्यांच्या आसपास असतो. अंगावरच्या गोचिडांच्या संख्येसाठी बऱ्याच अभ्यासांत ३० टक्क्यांपर्यंत जातो.

हे आकडे पाहून 'मग वंशाकडे कशाला बघायचे' असे अनेकांना वाटते. पण दर कमी असणे म्हणजे वंशात फरक नसणे नव्हे. 'आजारी पडली' किंवा 'नाही पडली' एवढीच नोंद असते आणि संसर्गाशी गाठ पडणे हा बराचसा योगायोग असतो, म्हणून एका गाईच्या नोंदीवरून तिची जनुके ओळखणे अवघड जाते. एका वळूच्या शेकडो मुलींच्या नोंदी एकत्र केल्या की योगायोग एकमेकांना खोडून काढतात. मग एका वळूच्या मुलींना दुसऱ्याच्या मुलींपेक्षा कितीतरी जास्त वेळा कासदाह होतो हे आकड्यांत स्वच्छ दिसते. आणि गोठा रोज साफ करावा लागतो, तर वारशाने आलेला फायदा त्या जनावरासोबत आयुष्यभर राहतो आणि पुढच्या पिढीतही जातो.

३. रोगप्रतिकार आणि रोगसहनशीलता एकच का?

नाही, आणि हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. प्रतिकारक जनावर रोगजंतूला शरीरात शिरू किंवा वाढू देत नाही. सहनशील जनावरात रोगजंतू असतो, पण ते फारसे खंगत नाही, दूध देत राहते.

पश्चिम आफ्रिकेतल्या न्'दामा जातीची गुरे त्से-त्से माशीने पसरणाऱ्या ट्रिपॅनोसोमच्या प्रदेशात टिकून राहतात. परजीवी रक्तात असूनही त्यांना इतर जातींइतका रक्तक्षय होत नाही. साहिवालचेही एक उदाहरण महत्त्वाचे आहे. स्कॉटलंडमधल्या रॉस्लिन संस्थेच्या संशोधकांनी साहिवाल आणि होलस्टीन वासरांना थायलेरियाचा, म्हणजे गोचीडतापाच्या परजीवीचा, सारखाच संसर्ग दिला. साहिवाल वासरांना ताप कमी आला आणि ती सावरली. होलस्टीनमध्ये आजार बराच उग्र झाला. शरीराची स्वतःचीच दाहक प्रतिक्रिया होलस्टीनमध्ये हाताबाहेर जाते, हे त्यामागचे एक प्रमुख कारण दिसते.

गोचीडतापासारख्या रोगात सहनशीलता पुरेशी उपयोगी आहे. क्षयरोग किंवा सांसर्गिक गर्भपात यांत मात्र ती धोक्याची ठरते. वरून धडधाकट दिसणारे जनावर कळपाला आणि माणसालाही संसर्ग देत राहू शकते. म्हणून पैदास करताना नेमके काय मोजतो आहोत, हे आधी ठरवावे लागते. (प्रश्न ९ पाहा.)

४. प्रतिकाराचे जनुक कोणते? ते तपासून घेता येईल का?

एकच असे जनुक नाही. गाईला गुणसूत्रांच्या ३० जोड्या आणि सुमारे २२ हजार जनुके असतात. हेरफर्ड जातीच्या एका गाईचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर लाखो जनावरांची माहिती पाहून एवढे कळले आहे की बहुतेक रोगांमागे शेकडो जनुकांचा छोटा छोटा वाटा असतो.

काही जागा मात्र ठळक आहेत. २३व्या गुणसूत्रावर बोला नावाचा जनुकसमूह आहे. रोगजंतूचे तुकडे पांढऱ्या पेशींना 'दाखवण्याचे' काम त्याची प्रथिने करतात. त्यातल्या डीआरबी३ जनुकाचे काही प्रकार असलेल्या गाईंमध्ये गोवंशीय ल्युकेमियाच्या विषाणूचे प्रमाण खूप कमी राहते. अशी गाय संसर्ग झाला तरी दुसरीला सहसा देत नाही.

६व्या गुणसूत्रावर जीसी नावाचे जनुक आहे. रक्तात ड जीवनसत्त्व वाहून नेणारे प्रथिन त्यावरून बनते. कासदाहाशी त्याचा संबंध अनेक कळपांत पुन्हापुन्हा सापडला. होलस्टीनमध्ये या भागातला एक तुकडा काही गाईंत एकापेक्षा जास्त वेळा असतो, आणि तशा गाईंना कासदाहाचा धोका वाढतो. मग निवडीत तो प्रकार गळून का पडला नाही? कारण तोच प्रकार दूधही वाढवतो. दुधासाठी निवड करता करता आपणच तो जपला. या क्षेत्रातली मूळ अडचण या एका उदाहरणात दिसते.

५. म्हणजे जास्त दूध हवे असेल तर आजार स्वीकारावेच लागतील?

नाही. दूध आणि कासदाह यांच्यात जनुकीय ओढाताण आहे, पण ती मध्यम आहे. जास्त दुधाच्या वंशातही कासेने निरोगी राहणाऱ्या गाई असतातच. त्या निवडण्यासाठी रोगाची नोंद लागते.

याचा सर्वांत चांगला पुरावा नॉर्वेने दिला. तिथे पशुवैद्यकाने केलेल्या प्रत्येक उपचाराची गायनिहाय नोंद १९७५ पासून देशभर होते आहे, आणि १९७८ पासून कासदाह हा पैदास निर्देशांकाचा, म्हणजे वळू निवडण्याच्या एकत्रित गुणांकाचा, भाग आहे. नॉर्वेजियन रेड जातीत दूध वाढत राहिले आणि कासदाहाचा जनुकीय कलही सुधारला. त्या काळात बाकीचे बरेच देश केवळ दुधामागे धावत होते. चिप किंवा जनुकीय आराखडा येण्याच्या कितीतरी आधी, निव्वळ नोंदवहीच्या बळावर हे झाले, याचे मला आजही फार मोल वाटते.

६. जनुकीय चिप म्हणजे काय? तिच्यामुळे काय बदलले?

चिप म्हणजे काचेची एक छोटी पट्टी. जनावराच्या डीएनएतल्या ठरावीक हजारो जागी कोणते अक्षर आहे, ते तिच्यावर एका वेळी वाचता येते. गाईंसाठीची सुमारे ५४ हजार जागा वाचणारी चिप २००७ च्या अखेरीस आली. तिचा उपयोग कसा करायचा, याचे गणित म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड या तिघांनी २००१ मध्येच मांडून ठेवले होते. एकेक जनुक शोधत बसू नका, सगळ्या खुणांचा एकत्रित परिणाम मोजा, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेत होलस्टीनची अधिकृत जनुकीय मूल्यांकने जानेवारी २००९ मध्ये सुरू झाली.

पूर्वी वळूच्या मुली मोठ्या होऊन, विऊन, दूध देईपर्यंत थांबावे लागे. आता वासरू जन्मताच अंदाज मिळतो. ज्या गुणांचा आनुवंशिकता दर कमी आहे त्यांना याचा सर्वांत जास्त फायदा झाला, आणि रोगप्रतिकार त्यातच मोडतो. अमेरिकेत एप्रिल २०१८ पासून कासदाह, गर्भाशयदाह, किटोसिस, दुग्धज्वर, जार अडकणे आणि पोटाचा चौथा कप्पा सरकणे या सहा आजारांची मूल्यांकने होलस्टीनसाठी नियमित मिळतात.

७. तपासणीसाठी रक्त द्यावे की केस? जुळ्या वासरांचे काय?

शेपटीचे केस मुळासकट, कानाचा छोटा तुकडा, रक्त किंवा रेत यांपैकी काहीही चालते. केस कापून पाठवू नका, उपटून पाठवा. डीएनए मुळाशी असतो.

जुळ्यांच्या बाबतीत रक्त देऊ नका. गाईच्या गर्भाशयात जुळ्यांच्या रक्तवाहिन्या बहुधा जोडल्या जातात आणि रक्त तयार करणाऱ्या पेशी एकमेकांच्या शरीरात कायमच्या वस्तीला जातात. अशा कालवडीच्या रक्तात तिच्या भावाचाही डीएनए सापडतो आणि अहवाल गोंधळाचा येतो. जुळ्यासाठी केसांची मुळे किंवा कानाचा तुकडा घ्यावा.

८. होलस्टीनवर तयार केलेले मूल्यांकन गीर, साहिवाल किंवा संकरित गाईला लागू पडते का?

सहसा नाही. चिपवरच्या खुणा बहुधा स्वतः जनुक नसतात. त्या जनुकाच्या शेजारी बसलेल्या असतात. होलस्टीनमध्ये एखाद्या खुणेच्या शेजारी प्रतिकाराचा प्रकार असेल, तर गीरमध्ये त्याच खुणेच्या शेजारी दुसराच असू शकतो. वशिंडाची गुरे आणि युरोपीय गुरे यांचे पूर्वज माणसाळण्याच्या फार आधी वेगळे झाले होते, त्यामुळे हे अंतर मोठे आहे. म्हणून ज्या जातीसाठी अंदाज हवा, त्याच जातीची हजारो जनावरे, त्यांचा डीएनए आणि त्यांच्या आजारांच्या नोंदी असा संदर्भ कळप लागतो. संकरित जनावरांत प्रत्येक तुकडा कोणत्या जातीकडून आला हेही पाहावे लागते, त्यामुळे काम आणखी अवघड होते.

म्हशीची गोष्टच वेगळी. नदीकाठच्या म्हशीला गुणसूत्रांच्या २५ जोड्या असतात. तिच्यासाठी तिचीच चिप हवी.

९. क्षयरोगाच्या चाचणीत न सापडणारी गाय निवडली, तर आपण रोग लपवणारी गाय तर निवडत नाही ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याचे मी नेहमी मनापासून कौतुक करतो, कारण शंका अगदी रास्त आहे. त्वचेवरची चाचणी शरीराची प्रतिक्रिया मोजते. प्रतिक्रियाच न देणारी जनावरे निवडली गेली, तर चाचणीच निकामी होईल.

ब्रिटनमध्ये जानेवारी २०१६ मध्ये 'टीबी अ‍ॅडव्हांटेज' हा निर्देशांक सुरू झाला. त्याच्या संशोधनात केवळ त्वचाचाचणीवर विसंबले नाही. कत्तलीनंतर सापडलेल्या गाठी आणि जंतूंच्या तपासणीचे निकालही जोडले. आनुवंशिकता दर सुमारे ९ टक्के निघाला. निर्देशांकात वळू एका गुणाने वर असेल, तर कळपात रोग शिरल्यावर त्याच्या मुलींपैकी साधारण एक टक्का कमी मुलींना संसर्ग होईल असा अंदाज असतो. आकडा लहान आहे. पण जिथे लागण झालेले जनावर कळपातून काढावेच लागते, तिथे दर पिढीत साठत जाणारा एक टक्का मोठा असतो.

१०. आमच्या गोठ्यात तो रोग कधी आलाच नाही. म्हणजे आमच्या गाई प्रतिकारक आहेत का?

असे म्हणता येत नाही. संसर्गाशी गाठच पडली नसेल तर परीक्षाच झालेली नाही. संशोधकही या अडचणीत असतात: निरोगी राहिलेल्या गाईंपैकी प्रतिकारक किती आणि केवळ बचावलेल्या किती, हे वेगळे करणे कठीण. म्हणून ज्या कळपात रोग फिरला त्याच कळपातल्या, त्याच काळातल्या गाईंची आपसांत तुलना करतात.

खरी टंचाई आहे ती नोंदींची. डीएनए वाचणे दर वर्षी सोपे होत गेले आहे. पण कोणती गाय, कोणत्या तारखेला, कोणत्या वेतात, कोणत्या सडाला, कशाने आजारी पडली, हे लिहून ठेवणारे हात कमी आहेत. एक सवय विशेष नडते. गंभीर आजार लिहिले जातात, घरच्या घरी बरे झालेले लिहिले जात नाहीत. मग जी गाय पाच वेळा किरकोळ आजारी पडली ती कागदावर निरोगी दिसते, आणि तिचा बाप चांगला ठरतो. गाय निरोगी राहिली हीदेखील नोंदच असते. कळपातल्या सगळ्या गाई वहीत हव्यात, फक्त आजारी नव्हे.

११. सोमॅटिक सेल काउंट जितका कमी तितकी गाय चांगली का? पांढऱ्या पेशी तर संरक्षण करतात.

व्यवहारात कमी काउंटच चांगला. दर मिलिलीटरला २ लाखांच्या वर पेशी गेल्या की सडात संसर्ग असण्याची शक्यता धरतात. शंका मात्र बरोबर आहे: संरक्षणाला पेशी लागतातच. महत्त्वाचे हे, की निरोगी कासेत किती पेशी बसून आहेत यापेक्षा जंतू आल्यावर त्या किती लवकर धावून येतात. कमी काउंटच्या वंशांत कासदाहही कमीच आढळतो, म्हणून निवडीसाठी हा गुण चालतो. काही देश आता काउंट किती काळ चढा राहिला, किती वेळा उसळला, हेही पाहतात.

१२. एकेका रोगाऐवजी एकूण प्रतिकारशक्तीवरच निवड करता येत नाही का?

येते. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात बॉनी मॅलार्ड यांच्या गटाने यावर दीर्घकाळ काम केले. जनावराला निरुपद्रवी प्रथिन टोचून दोन गोष्टी मोजतात: प्रतिपिंडे किती बनली, आणि पेशींची प्रतिक्रिया किती आली. पहिली पेशीबाहेर राहणाऱ्या जंतूंवर उपयोगी असते, दुसरी पेशीत लपणाऱ्यांवर. दोन्हींत सरस जनावरांना कासदाह कमी होतो, लस चांगली लागू पडते, आणि चीकही दर्जेदार असतो. आनुवंशिकता दर २५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे प्रत्यक्ष आजारांपेक्षा बराच जास्त. मला ही दिशा आशेची वाटते. तरी ती सगळ्या रोगांवरचे उत्तर नाही. कारण प्रश्न १ मध्ये आहे.

१३. वासरे सारखी आजारी पडतात, औषध लागू पडत नाही. हे संसर्गाचे आहे की वंशाचे?

बहुतेक वेळा संसर्गाचे, चीक वेळेवर न मिळाल्याचे. पण दोन आनुवंशिक दोष हुबेहूब संसर्गासारखे दिसतात.

पहिला ब्लॅड. यात पांढऱ्या पेशी भरपूर असतात, पण रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडता येत नसल्याने संसर्गाच्या जागी पोहोचतच नाहीत. वासराला न्यूमोनिया, हिरड्यांचे व्रण, जखमा न भरणे असे सुरू राहते आणि ते लहानपणीच दगावते. १९९२ मध्ये कारण सापडले: एका जनुकातले एक अक्षर बदललेले. तेव्हा अमेरिकेत तपासलेल्या होलस्टीन वळूंपैकी सुमारे १४ टक्के वाहक (स्वतः निरोगी, पण दोषाची एक प्रत बाळगणारे) निघाले, आणि माग ऑस्बर्नडेल आयव्हनहो या एका वळूपर्यंत गेला. तपासणी सुरू झाली आणि काही वर्षांतच हा दोष जवळजवळ दिसेनासा झाला.

दुसरा कोलेस्टेरॉल कमतरतेचा दोष, २०१५ मध्ये उजेडात आलेला. वासराला चरबी पचवून शरीरात घेता येत नाही, हगवण थांबत नाही, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ते जाते. एकाच वळूची वासरे अशी जात असतील तर त्या वळूचा अहवाल मागवा.

१४. वाहक वळू लगेच बाद करावा का?

सरसकट नको. दोष अप्रभावी असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. वाहक वळू आणि वाहक गाय एकत्र आले तरच चारात एक वासरू बाधित होण्याची शक्यता असते. न तपासलेल्या गाईला वाहक वळूचे रेत देऊ नये, एवढे पाळले तरी पुष्कळ. पॉनी फार्म अर्लिंडा चीफ या १९६२ मध्ये जन्मलेल्या वळूने दुधात मोठी भर घातली, पण गर्भ मरण्यास कारण होणारा एक दोषही पसरवला. त्यातून जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गेले असावेत असा अंदाज आहे.

१५. एकच उत्तम प्रतिकारक वळू सगळीकडे वापरला तर?

मोठी चूक होईल. उत्तर अमेरिकेतल्या होलस्टीन वळूंची पितृपरंपरा आजच जवळजवळ पूर्णपणे दोन वळूंवर येऊन ठेपते. एक चीफ, दुसरा एलिव्हेशन. चिप आल्यावर पिढ्या झपाट्याने बदलू लागल्या, त्यामुळे नात्यातले संकर वाढण्याचा वेगही वाढला. बोला समूहात विविधता असेल तर कळपातल्या एखाद्याकडे तरी नव्या रोगाचे उत्तर असते. सगळी सारखी झाली की एकच रोगजंतू सगळ्यांना गाठतो.

१६. जनुकीय संपादनाने प्रतिकारक गाय बनली आहे का?

प्रयोगापुरती, हो. २००५ मध्ये अमेरिकेत लायसोस्टॅफिन हे जंतुनाशक प्रथिन दुधात स्रवणाऱ्या जर्सी गाई बनवल्या, पण त्या संपादनाने नव्हे, बाहेरचे जनुक घालून. कासेत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा कासदाहाचा जंतू सोडल्यावर साध्या गाईंच्या कासेच्या ७१ टक्के कप्प्यांना संसर्ग झाला, या गाईंच्या १४ टक्के कप्प्यांना. पण हे प्रथिन कासदाहाच्या ई. कोलाय या दुसऱ्या जंतूवर चालत नाही. चीनमध्ये २०१७ मध्ये क्षयरोगाविरुद्ध एनरॅम्प१ जनुक क्रिस्परने, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापण्याच्या तंत्राने, बसवले गेले.

सर्वांत लक्षवेधी आहे जिंजर, २०२१ मध्ये अमेरिकेत जन्मलेली गीर कालवड. विषाणूजन्य हगवणीचा बीव्हीडी विषाणू सीडी४६ या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो. जिंजरमध्ये त्या प्रथिनातली फक्त सहा अमिनो आम्ले बदलली. बाधित वासरासोबत आठवडाभर ठेवूनही ती ठळकपणे आजारी पडली नाही. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. एक जनावर म्हणजे पुरावा नव्हे. तिला वेत, दूध, वासरे यांत काही अडचण येते का, हे पाहायला काळ लागतो.

सावधगिरीचे एक उदाहरण: बिनशिंगी होण्यासाठी संपादित केलेल्या वळूंच्या डीएनएत जिवाणूचा एक अनावश्यक तुकडा राहून गेल्याचे २०१९ मध्ये अमेरिकी नियामकांना आढळले. म्हणून संपूर्ण आराखडा वाचल्याशिवाय संपादित जनावर पुढे नेऊ नये.

१७. रोगजंतू बदलून या गाईंवर मात करणार नाही का?

एका जागेवरच भिस्त ठेवली तर शक्यता आहे, विशेषतः वेगाने बदलणाऱ्या विषाणूंत. शेकडो जनुकांतून आलेला प्रतिकार मोडणे त्याला फार कठीण जाते, कारण अनेक अडथळे एकदम ओलांडावे लागतात. संथ वाटणारी पारंपरिक निवड इथे भक्कम ठरते.

१८. ए२ दूध देणारी गाय जास्त रोगप्रतिकारक असते का?

नाही. ए१-ए२ हा बीटा-केसीन प्रथिनातल्या ६७व्या जागेवरचा फरक आहे. तो दुधाचा गुण सांगतो, गाईच्या प्रतिकाराचा नाही. फक्त त्यावरून वळू निवडू नका.

१९. प्रतिकारक वंश आणला तर लस, गोचीड नियंत्रण बंद करता येईल?

नाही. चांगल्या वंशाची गाय लशीला उलट जास्त चांगला प्रतिसाद देते. लस टाळली तर तो फायदाच वाया जातो.

२०. आमची एक गाय दहा वेते झाली तरी कधी आजारी नाही. तिची कालवड तशीच निघेल का?

आशा ठेवावी, खात्री नाही. कालवडीला आईची अर्धी जनुके मिळतात, आणि कोणती अर्धी हे दर वेळी वेगळे. सख्ख्या बहिणींतही म्हणून मोठा फरक दिसतो. शिवाय एका गाईच्या निरोगीपणात नशिबाचा वाटा किती हे सांगता येत नाही (प्रश्न २ आणि १०). तरीही अशी गाय मोलाची आहे. दहा वेतांत अनेक रोग आजूबाजूला येऊन गेले असणार, म्हणजे तिची परीक्षा झालेली आहे. तिच्या प्रत्येक मुलीची आणि नातीची स्वतंत्र नोंद ठेवा, तिचा बाप कोण ते शोधा, आणि त्याच बापाच्या इतर मुली कुठे असतील तर त्यांची कास, खुरे आणि वेते किती टिकली ते विचारा. तिला दिलेल्या प्रत्येक रेतमात्रेवरचा वळूचा क्रमांक वहीत चिकटवून ठेवा. पुढे तिच्या नातीचा डीएनए तपासायची वेळ आली, तर तो क्रमांक लागेल.